मांडवगणच्या आबांची सुई-दोऱ्याची शिकवणी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या घरात एक मशीन असतं आणि ते बंद असतं. आमच्याकडंही आहे. नसीमला, म्हणजे आमच्या बेगमला, माहेरहून मिळालेलं. गेल्या ईदच्या आधीपासून त्याला पट्टा नाही. त्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात. पाहुणे आले की नसीम त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगते, "इनका पूरे तालुके में नाम है जी. बस् अपने घर का पता मालूम नहीं इनको." पाहुणे हसतात, मीही हसतो, आणि पट्टा आणायचं पुन्हा राहतं.

माझं नाव हसन. शिरूरच्या पेठेत एका बोळात माझं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक गिऱ्हाईक आणि मी एवढेच आत मावतो. दुसरं गिऱ्हाईक आलं की मशीन रस्त्यावर जातं. माझे अब्बा हेच काम दौंडला करायचे, स्टेशनच्या बाहेर, चहाच्या टपरीला टेकून. ते मशीनशी बोलायचे आणि गिऱ्हाइकाशी गप्प राहायचे. माझं नेमकं उलट आहे. त्यामुळं त्यांचं काम झटपट उरकायचं आणि माझ्याकडं लोक दुपारचा डबा घेऊन येतात.

आमचा हंगाम दसऱ्यानंतर. खंडेनवमीला घरोघर हत्यारा-अवजारांची पूजा होते, त्यात शिलाई मशीनही येतं. पूजा मनोभावे होते, आणि तिथंच घात होतो. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं त्या बिचाऱ्याच्या पोटात जातं. पुढचे पंधरा दिवस माझे हात लग्नघरातल्या करवलीसारखे पिवळे असतात. वडगाव रासाईच्या एका गृहस्थांनी तर कमाल केली. पूजेनंतर समईत उरलेलं गोडेतेल वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी मशीनला जेवढी भोकं दिसली तेवढ्यांत ओतलं. काही दिवसांत तेल असं चिकटलं की चाक फिरवायला दोन माणसं लागायला लागली. मी विचारलं, "काका, मशीनचं तेल वेगळं मिळतं, माहीत नव्हतं का?" ते म्हणाले, "भाई, खाण्याच्या तेलापेक्षा ते का चांगलं असतंय?" मशीन सगळं खोलून रॉकेलनं धुतलं आणि दिलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की मशीन बिघडतं म्हणजे काहीतरी मोडतं. मोडत बिडत काही नाही. दहातली नऊ मशीनं नुसती दोरा चुकीचा ओवल्यामुळं माझ्याकडं येतात. आता ही 'दहातली नऊ' मी अंदाजानं ठोकून दिली, पण माझी चूल त्यावरच पेटते. बायका येऊन सांगतात, "भाई, खालून जाळं येतंय." म्हणजे कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा गुंता. खाली गुंता दिसतो म्हणून त्या खालचं सगळं उघडतात. बॉबीन काढतात, तिची डबी काढतात, स्क्रू पिळतात, नवऱ्यालाही पिळायला लावतात. चूक असते वरच्या दोऱ्यात. तो मी नीट ओवून देतो, मशीन सुरळीत चालतं, आणि मी मोठं काम केल्यासारखा चेहरा करून कपाळ पुसतो. पोटासाठी एवढं नाटक माफ असावं.

हल्ली हे काम कमी होत चाललंय. तयार कपडे स्वस्त झाले. अब्बांनी जोडलेली चांगली लोखंडी मशीनं भंगारवाल्याच्या टेम्पोत आडवी पडलेली दिसली की मी मान दुसरीकडं वळवतो. पण हे रडगाणं नको. सांगायचंय ते आबांचं.

मांडवगण फराट्याचे आबा म्हणजे मोठं प्रस्थ. बागायतदार, एके काळचे सरपंच, सोसायटीवर वर्षानुवर्षं. पांढरी टोपी, त्याहून पांढऱ्या मिशा. गावात कुणाचा बांध कोरला गेला की आधी आबांना बोलावतात, मोजणीवाल्यांना नंतर. त्यांच्या घरी मी वर्षातनं दोनदा जायचो, पण आबांसाठी नाही. कौसाकाकींसाठी. काकी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या, बाळंतिणीला झबली-टोपरी शिवून द्यायच्या. घरात काही कमी होतं म्हणून नव्हे, आवड म्हणून. सुरुवातीला आबांनी म्हणे हरकत घेतली होती, "आपल्या घरच्या बाईनं लोकांचं शिवायचं?" त्यावर काकी म्हणाल्या होत्या, "तुम्ही लोकांची भांडणं घरात आणता, मी लोकांची कापडं आणते. कापडं भांडत तरी न्हाईत." हे मला काकींनीच सांगितलं, आबा समोर बसलेले असताना. आबांनी पेपर जरा वर धरला, एवढंच.

काकींची जीभ अशी होती. मलाही सुट्टी नव्हती. मशीनला तेलपाणी करून उठलो की म्हणायच्या, "भाई, तू मशीन नीट करतोस का पुढच्या खेपेची सोय करून जातोस?" आणि वर चहाबरोबर शेंगदाण्याची पोळी द्यायच्या. त्या पोळीसाठी मी चार शिव्या जास्त खायला तयार असायचो.

यंदा श्रावण संपता संपता आबा माझ्या दुकानाच्या दारात उभे. एकटेच, एसटीनं आलेले. आत कोरेगाव भीमाच्या एक बाई बॉबीनची डबी घ्यायला आल्या होत्या. आबांनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला.

"भाई, सुई ओवायला शिकायचंय."

मला वाटलं सुनेसाठी. म्हणालो, "पाठवून द्या की वहिनींना. किंवा मीच येतो तिकडं."

"सून न्हाई," आबा म्हणाले. "मी."

त्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

"हसू नगा बाई," आबा म्हणाले. "घरी सांगितलंय, मार्केट कमिटीत काम हाय. तुम्ही आमच्या गावच्या न्हाई ना?"

"न्हाई बाबा, न्हाई."

"मग हसा."

बाई गेल्यावर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आबांचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. टोपीशिवाय ते एकदम कुणाचेही आजोबा दिसत होते.

काकींना उन्हाळ्याच्या शेवटी लकवा मारला होता. उजवा हात आणि उजवा पाय. दवाखाना झाला, पाय काठीच्या आधारानं थोडा चालायला लागला. पण बोलणं गेलं. अगदीच गेलं असं नाही. डोक्यात शब्द होता, पण तोंडात दुसराच यायचा. एकदा पाणी हवं होतं आणि त्या 'चप्पल' म्हणाल्या. नातू पाच वर्षांचा, त्यानं खरंच चप्पल आणून दिली आणि तो हसला. पोरच ते. पण त्या दिवसापासून काकींनी तोंड मिटलं ते मिटलंच. हवं-नको सगळं मानेनं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायच्या. व्यायाम करवून घेणारी मुलगी यायची, तिच्याकडंही बघायच्या नाहीत.

"डाक्टर म्हनला, बोलत्या करा," आबा सांगत होते. "म्हनला, आत्ता बोलल्या तर येईल, न्हाईतर हाय ते बी जाईल. भाई, मी गावाला भाषण करनारा मानूस. रोज तिच्या उशाला बसून बोलतो. पेपर वाचून दावतो. पन तिकडनं 'हूं' न्हाई."

आबांनी टोपी मांडीवर दोनदा उलटीसुलटी केली.

"परवा तिनं मशिनीकडं बोट केलं आन् हातानं असं केलं." त्यांनी हात झटकून दाखवला. "म्हंजी, काढून टाका. इकून टाका. तवा मी ठरवलं. मशीन इकायची न्हाई, तिला मशिनीवर बसवायची. हाताला काम लागलं तर तोंड बी उघडंल, असा माझा आपला हिशेब."

हिशेब वाईट नव्हता. मशीनला मोटर बसवली तर चाक फिरवायला उजवा हात लागत नाही. पायातला दाबायचा खटका डाव्या पायाखाली ठेवता येतो. कापड डाव्या हातानं सरकवता येतं. टाके वाकडे पडतील, पडू देत. पण दोरा तुटतो, रीळ संपतं, आणि सुई ओवायला दोन हात लागतात. मुलगा-सून दोघंही सकाळी कंपनीच्या बसनं जायचे ते दिवस मावळताना यायचे. दिवसभर घरात कोण? काकी आणि आबा.

"म्हणून मी," आबा म्हणाले. "शिकवा."

मी आजवर शेकडो बायाबापड्यांना ओवायला शिकवलंय, पण असा विद्यार्थी मिळाला नव्हता. त्यांची बोटं उसाच्या कांड्यांसारखी. दोरा चिमटीत धरला की चिमटीतच हरवायचा. मी आपला माझ्या पद्धतीनं सुरू झालो, की हे रीळ, ही कडी, या दोन चकत्या, ही स्प्रिंग. आबा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "भाई, हे समदं इंग्रजीत सांगितल्यावानी चाललंय. पानी कुठनं कुठं जातंय ते सांगा."

मग मला सुचलं. बागायतदाराला पाटाच्या पाण्यासारखं सांगायला हवं. म्हणालो, "आबा, वरचं रीळ म्हणजे धरण. तिथनं दोरा सुटला. तो सरळ सुईत गेला तर वाहूनच जाईल, म्हणून मध्ये या दोन चकत्या. त्या दोऱ्याला दाबून धरतात, हवा तेवढाच पुढं सोडतात."

"म्हंजी हा पाटकरी," आबा म्हणाले. "कुणाला किती सोडायचं, ह्याच्या हातात."

"बरोबर. पण ओवताना मागचा हा दांडा उचलायचा, म्हणजे कापड दाबणारा पाय वर होतो आणि चकत्या सैल पडतात. दोरा त्यांच्या मध्ये जाऊन बसतो. पाय खालीच राहिला तर दोरा नुसता वरनं जातो, आणि मग खाली जाळं."

"पाटकऱ्याला इचारल्याबिगर पानी घेतलं."

"तसंच. मग हा टेकप. मशीन चालताना मान वर-खाली डोलावतो ना, तो. त्याच्या भोकातनं दोरा घ्यायचाच. प्रत्येक टाक्याला सैल पडलेला दोरा हा वर ओढून घेतो. याला चुकवलं तर दोन टाक्यांत मशीन अडकणार."

"ह्यो चेअरमन," आबा लगेच म्हणाले. "काम काय करतो दिसत न्हाई, पन त्याला वगळून चालत न्हाई."

आबा सोसायटीचे चेअरमन राहिलेले, त्यामुळं मी घाईनं पुढं सरकलो.

शेवटी सुई. सुईला एक सपाट बाजू असते. आमच्या साध्या काळ्या मशीनला ती डावीकडं ठेवायची आणि दोरा उजवीकडनं डावीकडं ओवायचा. इथं आबांचा खरा कस लागला. चष्मा वर केला, खाली केला, काढून पाहिला. मी सुईमागं पांढरा कागद धरून दिला, दोऱ्याचं टोक कात्रीनं तिरकं कापून दिलं. आबा श्वास रोखून दोरा पुढं न्यायचे आणि नेमका भोकाजवळ गेल्यावर श्वास सोडायचे. दोरा उडून जायचा. "थूत," असं स्वतःलाच म्हणायचे आणि पुन्हा.

पहिल्यांदा जमलं, तेव्हा मी त्यांना पुढची गंमत दाखवली. वरचा दोरा डाव्या हातात सैल धरायचा, चाक हळूच आपल्याकडं फिरवायचं. सुई खाली जाते, आणि वर येताना खालच्या बॉबीनचा दोरा कवेत घेऊन येते. आबांनी फिरवलं. पट्टीच्या भोकातनं खालच्या दोऱ्याचं वेटोळं वर आलं. आबा बघतच राहिले.

"आयला! खालचा वर आला की," म्हणाले. "कोनी कोनाला हाक मारली न्हाई, तरी आला." मग चाक पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

आबांच्या मार्केट कमिटीच्या खेपा वाढल्या. बोळातले लोक विचारायला लागले, "कोण हो हे पाटील?" मी सांगायचो, मशीनची एजन्सी घेणार आहेत. शेवटी शेवटी आबांचा हात असा बसला की माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारता मारता, सुईकडं न बघता ओवायचे. मी खूश. इतका खूश की रात्री जेवताना नसीमला सांगितलं, "आपला एक स्टुडंट पास झाला." ती म्हणाली, "अच्छा. अब घर की मशीन कब पास होगी?"

मग मोटर बसवायला मी मांडवगणला गेलो. न्हावऱ्यावरनं मोटारसायकलीवर, पाठीला मोटरीचं खोकं बांधून. काकी खाटेवर होत्या. भिंतीकडं तोंड. मी "काकी, सलाम," म्हणालो. त्यांनी मान वळवली, ओळख दिली, आणि पुन्हा भिंत. शिवी नाही. पोळी तर दूरच. मला फार चमत्कारिक वाटलं. एखाद्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की जसं वाटतं तसं.

काम चालू केलं. मशीन खाटेच्या पायथ्याशी सरकवलं, म्हणजे त्यांनी जरा मान वळवली तरी दिसावं. जुना पट्टा काढला, मोटर बसवली, खटका डाव्या अंगाला आणला, तेल दिलं, मशीनचंच तेल. सगळं झाल्यावर आबांना म्हणालो, "हं, आबा. आता तुमचं काम."

आबा स्टुलावर बसले. टोपी नीट केली. मोठ्यानं म्हणाले, "कौसे, आता बघ. मी ओवतो." खाटेवरनं काही नाही. पण मी मशीनच्या बाजूला होतो, मला दिसलं. काकींनी मान एवढीशी वळवली. डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघत होत्या.

आबांनी मागचा दांडा उचलला. शाबास. रीळ, कडी, चकत्या. शाबास. आणि तिथनं त्यांनी दोरा सरळ खाली आणला आणि सुईत घातला. टेकप सोडून दिला. चेअरमन वगळला! मी तोंड उघडलं, "आबा, ते..." तोवर आबांचा पाय माझ्या पायावर. त्या माणसाच्या टाचेचं वजन काय असतं ते माझ्या बोटांना विचारा. मला वाटलं, घाबरून पाय पडला असेल.

आबांनी खालचा दोरा वर घेतला, कापडाचा तुकडा सुईखाली धरला, दांडा खाली पाडला. मशीनकडं कौतुकानं बघितलं. "झालं! काय अवघड न्हाई," म्हणाले.

खाटेवरनं आवाज आला. "अं."

आबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. खटका दाबला. खाट्, खाट्, गर्रर. मशीन अडकलं. कापडाखाली दोऱ्याचा हा गोळा.

"मशीनच बेकार हाय," आबा म्हणाले. "भाई, तुम्ही काय बी बसवून दिलंय." आणि त्यांनी दोरा तोडला, तसाच पुन्हा ओवायला घेतला, पुन्हा टेकप सोडून.

काकी डाव्या हातावर रेटा देऊन उठून बसल्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डावा हात पुढं, बोट टेकपकडं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळावर शिरा आल्या. आबांचा दोऱ्यातला हात थांबला, पण त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"व... वर," काकी म्हणाल्या.

आबा दोरा खाली नेतच होते.

"वर! वर... आंधळं!"

आबांनी वळून बघितलं. "काय वर? कुठं वर?" ते ओरडले. "नीट सांग की! मला काय कळतंय का त्यातलं!"

"त्यात," काकी म्हणाल्या. बोट हवेत तसंच. "भोक. त्यात. वर... भोक!"

आबांनी दोरा टेकपच्या भोकातनं घेतला, उगीचच चुकतमाकत, आणि सुईत ओवला. चालवून बघितलं. टाका पडला. काकी उशीला टेकल्या आणि डोळे मिटले. पण या खेपेला तोंड आमच्याकडं होतं.

मी सामान आवरलं आणि बाहेर आलो. आबा मागोमाग फाटकापर्यंत आले. माझा मास्तरपणा दुखावला होता. म्हणालो, "आबा, माफ करा. टेकपचं मी नीट बिंबवलं नाही वाटतं. दुकानात तर तुमचं इतकं छान येत होतं..."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की बांध कोरणाऱ्याकडंही एवढ्या दयेनं बघत नसतील.

"भाई, तुमच्या दुकानात मी न बघता ओवत व्हतो का न्हाई?"

"होतात."

"मग? लगीन झाल्यापासनं माझं चुकलेलं बघितलं की तिला राहवत न्हाई. बरूबर ओवली असती तर तिनं बघितली असती आन् परत भिताडाकडं तोंड केलं असतं. तिच्या वाटणीचं काय उरलं असतं मग?"

पाय दुखत होता, पण मी मोटारसायकलीला किक मारायची विसरून तिथंच उभा राहिलो.

त्यानंतर आबा पुन्हा शिरूरला यायला लागले. आता वेगळ्या शिकवणीसाठी. स्टुलावर बसून म्हणायचे, "भाई, नवी चूक द्या. टेकपची तिला पाठ झाली. मी हात पुढं नेला की आधीच 'वर' म्हनती." माझा जन्म लोकांच्या चुका काढण्यात गेला, आणि आता मी बसून आबांना चुका शिकवत होतो. सुईची सपाट बाजू उलटी कशी बसवायची. बॉबीन डबीत उलट्या तोंडानं कशी टाकायची. सुई पूर्ण वर न सरकवता अर्ध्यातच कशी आवळायची. आबा मन लावून शिकायचे, कारण चूक अशी हवी की मशीन बिघडता कामा नये आणि काकींना खाटेवरनं दिसली पाहिजे. दर खेपेला ते बातमी आणायचे. आज "सुई" म्हणाली. आज "उलटं" म्हणाली. आज "उलटं" म्हणायचं होतं आणि "दही" म्हणाली, पण स्वतःच हसली आणि पुन्हा "उलटं" म्हणाली. हे सांगताना आबांचा चष्मा धुरकट व्हायचा आणि ते बोळातल्या धुळीला नावं ठेवायचे.

दसऱ्यानंतर एके दुपारी फोन वाजला. आबांचा नंबर. मी दुकानात कुणाच्या तरी मशीनमधलं कुंकू काढत होतो, हात हळदीचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"बोला आबा. नवी हवी का? एक आहे माझ्याकडं, रीळ खुंटीवर उलटं घालायचं..."

पलीकडं आबा नव्हते. श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"भाई. ह्यांना... चुका... तूच शिकवतोस व्हय?"

मी ब्रश खाली ठेवला. मागं आबांचा आवाज येत होता, "अगं, मी न्हाई, त्येनंच..." उभा जन्म तोंड चालवलं आणि नेमकी आत्ता वाचा माझी गेली. कसाबसा म्हणालो, "व्हय काकी."

"कवापासनं... वळखलंय मी. म्हटलं... करू द्या. हौस हाय... त्यांची." थांबल्या. पुन्हा श्वास. "आता... पुरे. मशिनीवर... बसलेय मी. शेजारच्या... सरूच्या लेकीला... दिवस भरत आल्यात. झबली... शिवायच्यात. त्यांना... बरूबर शिकव."

"त्यांना येतंय काकी," मी म्हणालो. "पहिल्यापासनं येतंय."

मग काकींचा आवाज लांबून आला, फोन बाजूला धरल्यासारखा, माझ्यासाठी नसलेला.

"अवं... इकडं या. ओवा."

आणि पाठोपाठ मोटरीची घरघर ऐकू आली, आधी तुटक, मग सलग.